विद्यापीठातील स्पॅनिशचा मधला टप्पा: व्याकरणात गुण मिळतात, मग बोलताना भाषा का अडते?

मधलीपायरी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी विद्यापीठात पदवीचे शिक्षण घेत आहे आणि दुय्यम विषय म्हणून स्पॅनिश निवडले आहे. पहिल्या वर्षी ए-१ आणि ए-२ या पातळ्या पूर्ण झाल्या, सध्या बी-१ चालू आहे (युरोपीय मापनात ए-१ ही सर्वांत खालची पातळी आणि सी-२ सर्वांत वरची). पहिले वर्ष उत्साहात गेले, कारण प्रत्येक तासाला काहीतरी नवे हाती लागत होते आणि ते लगेच वापरताही येत होते. आता मात्र विचित्र अवस्था झाली आहे. चाचणीत रिकाम्या जागा भरायला दिल्या किंवा कंसातल्या क्रियापदाचे योग्य रूप लिहायला सांगितले, तर मला जवळजवळ पूर्ण गुण मिळतात. पण तोंडी परीक्षेत 'मागच्या सुट्टीत काय केले ते सांगा' एवढा साधा प्रश्न आला, तरी दुसऱ्या वाक्यापासूनच मी अडखळू लागते. माझ्या निबंधांवर सर्वांत जास्त लाल खुणा दोनच कारणांसाठी असतात: भूतकाळाच्या दोन रूपांमधली निवड आणि सबजंक्टिव्ह, म्हणजे इच्छा, शंका अशा वाक्यांत येणारे क्रियापदाचे वेगळे रूप. ऐकण्याबद्दल तर बोलायलाच नको. पाठ्यपुस्तकासोबतचे ध्वनिमुद्रण सगळे कळते, पण तीच भाषा एखाद्या मुलाखतीत ऐकली की माहितीचे शब्दसुद्धा कानावरून निघून जातात.

पुढच्या सत्रात बी-२ चा भाषावर्ग घ्यावा की स्पॅनिशमधील लघुकथांच्या वाचनाचा वर्ग घ्यावा, हे मला ठरवायचे आहे. शिवाय स्पेनमधील उच्चार धरून चालावे की लॅटिन अमेरिकेतील, आणि डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी या टप्प्यावर उपयोगाची आहे का, याबद्दलही आपली मते वाचायला आवडतील.

क्रियापद

तुमच्या वर्णनावरून असे दिसते की तुम्हाला रूपे येतात, निवड येत नाही. रिकाम्या जागेच्या प्रश्नात अर्धी निवड प्रश्न काढणाऱ्यानेच केलेली असते. क्रियापद कोणते, कर्ता कोण, प्रसंग कोणता हे सगळे समोर छापलेले असते आणि आपण फक्त रूप बसवतो. स्वतः बोलताना आधी काय सांगायचे हे ठरवावे लागते, मग ते कोणत्या बाजूने सांगायचे हे ठरवावे लागते, आणि त्यानंतर रूपाचा प्रश्न येतो. बी-१ ला बहुतेकांची गाडी इथेच अडते.

भूतकाळाचेच घ्या. पाठ्यपुस्तके सोयीसाठी खुणेचे शब्द देतात: वाक्यात 'आयेर', म्हणजे 'काल', असले की प्रेटेरिट (पूर्ण झालेल्या घटनेचा भूतकाळ) वापरा आणि 'सिएंप्रे', म्हणजे 'नेहमी', असले की इम्परफेक्ट (चालू स्थितीचा किंवा सवयीचा भूतकाळ) वापरा. ही युक्ती ए-२ पर्यंत निभावून नेते आणि पुढे दगा देते. 'सिएंप्रे फुए मुय आमाब्ले कोनमिगो', म्हणजे 'तो माझ्याशी नेहमीच फार सौजन्याने वागला', या वाक्यात 'नेहमी' असूनही प्रेटेरिट आहे आणि ते अगदी योग्य आहे, कारण बोलणारा तो सगळा सहवास एक संपलेली, पूर्ण झालेली गोष्ट म्हणून पाहतो आहे. उलट 'आयेर आ लास सिंको एस्ताबा एन ला बिब्लिओतेका', म्हणजे 'काल पाच वाजता मी ग्रंथालयात होते', यात 'काल' असूनही इम्परफेक्ट येतो, कारण त्या क्षणी परिस्थिती काय होती एवढेच सांगायचे आहे; मी तिथे कधी गेले आणि कधी निघाले याच्याशी त्या वाक्याला देणेघेणे नाही. म्हणून वाक्यात खुणेचा शब्द शोधण्यापेक्षा स्वतःला असे विचारावे की हे वाक्य गोष्ट पुढे नेते आहे, की गोष्ट जिथे येऊन थांबली आहे तिथले दृश्य दाखवते आहे.

वर्गात हमखास दिसणारा एक परिच्छेद नमुन्यादाखल देतो: 'आयेर फुई आल पार्के. बी उन पेर्रो. एल पेर्रो फुए ग्रांदे. तुबे मिएदो.' विद्यार्थ्याला म्हणायचे आहे की मी काल बागेत गेलो, एक कुत्रा पाहिला, तो मोठा होता, मी घाबरलो. पहिली दोन वाक्ये ठीक आहेत. तिसऱ्यात 'फुए' वापरल्यामुळे कुत्र्याचे मोठे असणे हीसुद्धा एक घटना झाली, जणू तो काही काळ मोठा होता आणि मग ते प्रकरण आटोपले. तिथे इम्परफेक्टचे 'एरा' हवे. चौथे वाक्य मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण तिथे दोन्ही रूपे चालतात आणि अर्थ बदलतो. 'तुबे मिएदो' म्हटले तर कुत्रा पाहून भीती उत्पन्न झाली, 'मी घाबरलो'. 'तेनिआ मिएदो' म्हटले तर भीती आधीपासूनच मनात होती, 'मला भीती वाटत होती'. व्याकरणाच्या चाचणीत अशा ठिकाणी एकच उत्तर बरोबर धरले जाते आणि नेमकी निवडीची सवय तिथेच बुडते.

मराठीचा आधार इथे बराच मिळतो. 'तो रोज येत असे' किंवा 'यायचा' आणि 'तो आला' हा भेद आपण न चुकता करतो. 'साबिआ' म्हणजे 'मला माहीत होते' आणि 'सुपे' म्हणजे 'मला कळले'. 'कोनोसिआ' म्हणजे 'मी ओळखत होते' आणि 'कोनोसी' म्हणजे 'माझी ओळख झाली'. पाठ्यपुस्तके ज्यांना अर्थ बदलणारी क्रियापदे म्हणून वेगळ्या चौकटीत छापतात, त्यांपैकी बरीचशी मराठीत विचार केला तर वेगळी लक्षात ठेवावी लागत नाहीत. पण आपल्या 'होता'वर मुळीच विसंबू नका. 'एरा', 'एस्ताबा', 'फुए' आणि 'एस्तुबो' या चारही रूपांना मराठीत आपण बिनदिक्कत 'होता' म्हणतो, त्यामुळे तिथे स्वभाव आणि अवस्था यांचा, तसाच चालू आणि संपलेल्या गोष्टीचा विचार स्पॅनिशमध्येच करावा लागतो.

सराव म्हणून एखादा प्रसंग आधी फक्त प्रेटेरिटमध्ये लिहून काढा. तो कोरडा वाटेल, पण घटनांची साखळी त्यातून पूर्ण कळली पाहिजे. मग वाचणाऱ्याला जिथे 'तेव्हा काय परिस्थिती होती?' असे विचारावेसे वाटेल, तिथेच इम्परफेक्टचे वाक्य घाला. आधी नियम आणि मग वाक्य या क्रमापेक्षा हा क्रम बोलण्याच्या अधिक जवळचा आहे.

कानसेन

मी फक्त ऐकण्यापुरते लिहितो, कारण विद्यापीठाच्या वेळापत्रकात सर्वांत कमी वेळ त्यालाच मिळतो.

पाठ्यपुस्तकाच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक शब्द सुटा आणि स्वच्छ उच्चारलेला असतो. प्रत्यक्षात शब्दाच्या शेवटचे व्यंजन पुढच्या शब्दाच्या स्वराला जाऊन चिकटते. 'लोस ओत्रोस आमिगोस' हे तीन शब्द आहेत, पण कानावर 'लोसोत्रोसामिगोस' असा एकच लांबलचक शब्द पडतो. त्यात कॅरिबियन बेटे, दक्षिण स्पेन, चिली यांसारख्या प्रदेशांत शब्दाच्या किंवा त्यातल्या एखाद्या अक्षराच्या (सिलॅबलच्या) शेवटचा 'स' नुसत्या श्वासासारखा होतो किंवा गळतोच, त्यामुळे 'एस्तास' हे 'एहताह'सारखे ऐकू येते. शब्द माहीत नसतो असे नाही, त्याचा हा आवाज माहीत नसतो. म्हणून नवे शब्द पाठ करून हा प्रश्न सुटत नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. ज्याची लिखित संहिता मिळते असे ध्वनिमुद्रण घ्यावे, त्यातला अर्ध्या-एक मिनिटाचा तुकडा संहितेकडे न पाहता पुन्हा पुन्हा ऐकून जेवढे कळेल तेवढे उतरवून काढावे, आणि मग संहितेशी ताडून पाहावे. जिथे जागा रिकामी राहिली तिथला शब्द आपल्याला बहुधा आधीच येत असतो. तो कसा उच्चारला गेला हे समजल्यावर तोच तुकडा बोलणाऱ्याच्या वेगाने आपणही म्हणून पाहावा. 'रादिओ आंबुलान्ते' या पॉडकास्टवर लॅटिन अमेरिकेतल्या निरनिराळ्या देशांतील सत्यकथा असतात आणि भागांच्या संहिताही उपलब्ध असतात. बी-१ ला तो अवघड जातो, म्हणून संपूर्ण भागाच्या मागे लागू नये.

कोणते उच्चार धरावेत, हा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. बोलण्यासाठी शिक्षक वापरतात ती एक पद्धत धरावी आणि तिच्यात सरमिसळ करू नये. ऐकण्यासाठी मात्र सगळ्याच पद्धतींची तोंडओळख हवी. स्पेनच्या उत्तरेकडच्या आणि मध्य भागात 'ग्राथिआस' ('धन्यवाद') ऐकू येईल, तर लॅटिन अमेरिकेत 'ग्रासिआस'. स्पेनमध्ये जवळच्या अनेकांना उद्देशून 'बोसोत्रोस' म्हणतात, लॅटिन अमेरिकेत सर्वांसाठी 'उस्तेदेस' चालते. अर्जेंटिना, उरुग्वे आणि मध्य अमेरिकेच्या मोठ्या भागात 'तू तिएनेस'च्या ('तुझ्याकडे आहे') जागी 'बोस तेनेस' येते, आणि ब्युनॉस आयर्सच्या माणसाच्या तोंडी 'यो' ('मी') हा 'शो' होतो. स्पेनमध्ये आजच्या जेवणाबद्दल 'ओय ए कोमिदो' म्हणतील, तर मेक्सिकोत 'ओय कोमी'. निबंधात एका परिच्छेदात 'बोसोत्रोस' आणि दुसऱ्यात 'उस्तेदेस' असे झाले तर परीक्षक गुण कापू शकतो. ऐकताना मात्र दोन्ही सारखेच ओळखीचे हवेत.

जाता जाता एक समाधानाची गोष्ट. स्पॅनिशचे 'त' आणि 'द' दंत्य आहेत आणि 'प', 'त', 'क' यांच्या उच्चारात हकार मिसळत नाही. इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांना यासाठी बरेच झगडावे लागते; आपल्याला ते वर्णमालेतच मिळालेले आहेत. मेहनत करावी लागते ती 'पेर्रो'मधल्या थरथरणाऱ्या 'र्र'वर, कारण तो नीट उमटला नाही तर कुत्र्याचा 'पेरो' होतो आणि त्याचा अर्थ 'पण' असा आहे.

मधलीपायरी

दोघांचेही आभार. 'तुबे मिएदो' आणि 'तेनिआ मिएदो' यांतला फरक मला आजवर कोणी इतक्या थेट शब्दांत सांगितला नव्हता.

सबजंक्टिव्हबद्दलही विचारते. आम्हाला वर्गात एक यादी दिली आहे: इच्छा, शंका, भावना, नकार, शक्यता वगैरे. शिवाय असेही सांगितले की जे वास्तवात नाही त्यासाठी सबजंक्टिव्ह वापरतात. मग 'मे आलेग्रा के एस्तेस आकी', म्हणजे 'तू इथे आहेस याचा मला आनंद आहे', यात तो कशासाठी? समोरचा माणूस तर प्रत्यक्ष इथे बसला आहे.

तर्कटी

तुमची शंका रास्त आहे आणि तीच त्या व्याख्येतली खोट दाखवते. वास्तव आणि अवास्तव अशी विभागणी केली की भावनेची सगळी वाक्ये अपवाद म्हणून पाठ करावी लागतात. त्यापेक्षा बोलणारा ती गोष्ट स्वतः जाहीर करतो आहे का, असे विचारले तर यादीतल्या बऱ्याचशा गोष्टी एकाच धाग्यात येतात. 'क्रेओ के एस बेर्दाद' म्हणताना 'हे खरे आहे' असे माझे विधान मी मांडते, म्हणून इंडिकेटिव्ह, म्हणजे क्रियापदाचे साधे विधानाचे रूप. 'नो क्रेओ के सेआ बेर्दाद' म्हणताना ते विधान मी करत नाही, उलट फेटाळते, म्हणून सबजंक्टिव्ह. 'किएरो के बेंगा' म्हणताना तो येतो आहे असे मी सांगत नाही, त्याने यावे एवढेच मला हवे आहे. आणि तुमच्या उदाहरणात तू इथे आहेस ही बातमी मी तुला देत नाही, ती दोघांना ठाऊकच आहे. मी जाहीर करते तो माझा आनंद.

मराठीतले 'यावे', 'करावे', 'असावे' हे प्रकार इच्छा आणि सूचना यांच्यापुरते सबजंक्टिव्हच्या जवळ जातात: 'त्याने यावे असे मला वाटते'. पण 'मला वाटते'ला मराठीत दोन अर्थ आहेत हे ध्यानात असू द्या, कारण 'तो येईल असे मला वाटते' याचे स्पॅनिश 'क्रेओ के बेंद्रा' असे होते आणि तिथे सबजंक्टिव्हचे काम नाही.

माझ्या मते शिकण्याजोगी खरी मौज 'कुआंदो' ('जेव्हा') आणि 'आउंके' ('जरी') यांच्यात आहे, कारण तिथे एकाच शब्दानंतर दोन्ही रूपे येतात आणि यादी हात टेकते. 'कुआंदो येगा, मे यामा' म्हणजे 'तो पोचतो तेव्हा मला फोन करतो', ही त्याची रीत आहे आणि ती मी सांगते आहे. 'कुआंदो येगेस, यामामे' म्हणजे 'पोचलास की मला फोन कर'. पोचणे अजून व्हायचे आहे. गंमत अशी की मराठीतही इथे साधा भविष्यकाळ न वापरता आपण चक्क भूतकाळाचे रूप वापरतो, म्हणजे पुढच्या गोष्टीसाठी काहीतरी वेगळे रूप लागते ही जाण आपल्याकडे आधीच आहे. 'आउंके युएबे, साल्गो' म्हणजे 'पाऊस पडतो आहे, तरी मी बाहेर जाते'. 'आउंके युएबा, साल्गो' म्हणजे बहुतेक वेळा 'पाऊस पडला तरी मी बाहेर जाईन'. पण हेच दुसरे वाक्य खिडकीबाहेर पाऊस कोसळत असतानाही म्हणता येते, जेव्हा पावसाची गोष्ट ऐकणाऱ्याला ठाऊक असते आणि बोलणाऱ्याला तिचे महत्त्व उडवून लावायचे असते. 'जाहीर करणे' ही कसोटी इथेही टिकते, 'अवास्तव' ही टिकत नाही.

याच कसोटीवर 'कोनोस्को आ आल्गिएन के आब्ला चिनो' आणि 'बुस्को आ आल्गिएन के आब्ले चिनो' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात चिनी बोलणारा एक ठरावीक माणूस मला माहीत आहे, दुसऱ्यात तसा कोणी मिळतो का ते मी शोधते आहे.

जुनीवही

क्रियापद यांचे निवडीबद्दलचे म्हणणे मला पटते, पण रूपे येतात हे त्यांनी थोडे घाईने मान्य केले असे वाटते. लेखी परीक्षेत रूप येणे आणि बोलताना ते वेळेवर येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'दिखेरोन' ('ते म्हणाले'), 'पुसे' ('मी ठेवले'), 'त्राखो' ('त्याने आणले'), 'इसिमोस' ('आम्ही केले') यांसारखी अनियमित रूपे आठवायला काही क्षण लागत असतील, तर प्रेटेरिट की इम्परफेक्ट या विचाराला डोक्यात जागाच उरत नाही. त्यामुळे सर्वांत जास्त वापरात असलेल्या अनियमित क्रियापदांचा मोठ्याने, वेगात आणि पूर्ण वाक्यांतून सराव बी-१ लाही चालू ठेवावा लागतो. तो शाळकरी वाटतो म्हणून विद्यापीठात कोणी करून घेत नाही, हे दुर्दैव.

आता वर्गाच्या निवडीबद्दल. शक्य असेल तर दोन्ही घ्या. एकच घेता येत असेल तर मी लघुकथांचा वर्ग घेईन, मात्र त्यात दर आठवड्याला लेखन करून घेतात आणि ते तपासून देतात याची आधी चौकशी करेन. वर ज्या निवडींबद्दल चर्चा झाली त्या कथेत अक्षरशः प्रत्येक परिच्छेदात दिसतात, आणि लेखकाने 'एरा' का लिहिले, 'फुए' का नाही, हे वर्गात विचारता येते. बी-२ च्या वर्गात काय शिकवले जाते ते पाहायचे असेल, तर इन्स्टिट्यूटो सेर्व्हान्तेस या १९९१ साली स्थापन झालेल्या संस्थेचा 'प्लान कुरिकुलार' वाचा. त्यात ए-१ पासून सी-२ पर्यंत प्रत्येक पातळीला व्याकरण, शब्दसंग्रह, उच्चार यांतले काय अपेक्षित आहे याची तपशीलवार सूची आहे, आणि तो त्यांच्या आभासी केंद्राच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. वर्ग न घेताही आपल्याला काय येत नाही ते त्यावरून कळते.

वाचताना प्रत्येक अनोळखी शब्द शोधत बसू नये. पान उलटेपर्यंत जो शब्द पुन्हा भेटला किंवा ज्याच्यावाचून प्रसंगच कळत नाही, तेवढाच शोधावा, आणि शक्यतो स्पॅनिश-स्पॅनिश शब्दकोशात. रॉयल स्पॅनिश अकादमीचा कोश आंतरजालावर मोफत आहे. २०१४ ची त्याची तेविसावी आवृत्ती अकादमीने इतर स्पॅनिशभाषक देशांच्या अकादम्यांसह तयार केली आणि कोणता शब्द कोणत्या देशात चालतो याच्या खुणा त्यात दिलेल्या असतात. इंग्रजीतून अर्थ काढण्याच्या सवयीलाही त्यामुळे आळा बसतो, नाहीतर इंग्रजी 'असिस्ट'सारख्या दिसणाऱ्या 'आसिस्तिर आ क्लासे'चा अर्थ वर्गाला हजर राहणे असा आहे हे कळायला उगाच वेळ लागतो.

डेले आणि सिएले ही स्पॅनिशची दुसरी प्रमाणपत्र परीक्षा यांतला फरक समजून घेऊन मगच पैसे भरावेत. डेलेला प्रत्येक पातळीची स्वतंत्र परीक्षा असते, निकाल उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागतो आणि प्रमाणपत्राला मुदत नसते. बी-१ ला वाचन आणि लेखन यांचा एक गट, ऐकणे आणि बोलणे यांचा दुसरा. प्रत्येक गटात ५० पैकी किमान ३० गुण लागतात. म्हणजे तुमच्यासारख्या विद्यार्थिनीने व्याकरणाच्या बळावर पहिला गट सहज पार केला तरी दुसऱ्या गटाची भरपाई त्यातून होत नाही. सिएलेमध्ये नापास होणे नाही. संगणकावर दिलेल्या एकाच परीक्षेत चार कौशल्यांना प्रत्येकी २५० असे एकूण १००० गुण असतात आणि त्यांवरून पातळी सांगितली जाते. विद्यापीठाला किंवा पुढे परदेशी शिक्षणाला प्रमाणपत्र लागणार नसेल, तर बी-१ साठी शुल्क भरण्याऐवजी जुन्या नमुना प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात आणि खरी परीक्षा बी-२ ला द्यावी, असे मी सुचवेन.

क्रियापद

जुनीवही यांचा आक्षेप मान्य आहे. रूप वेळेवर आठवले नाही तर निवडीची वेळच येत नाही. फक्त तो सराव सुट्या तक्त्यांचा नको. 'दिखो के बेनिआ', म्हणजे 'तो येतो आहे असे म्हणाला', अशा वाक्यात एक प्रेटेरिट आणि एक इम्परफेक्ट आपोआप येतो. ऐकलेले संभाषण दुसऱ्याला सांगण्याचा सराव केला, तर रूपे आणि निवड दोन्ही एकाच वेळी होतात आणि तोंडी परीक्षेतही हाच प्रकार विचारला जातो.

मधलीपायरी

लघुकथांच्या वर्गात दर आठवड्याला एक पानाचे लेखन असते आणि शिक्षिका ते तपासून परत देतात, असे विभागातून आजच कळले. मी तोच वर्ग घेते आहे. बी-२ चा वर्ग त्यानंतरच्या सत्रात घेईन आणि डेलेचा विचार तेव्हाच करेन.